तलवार घासू नका!

खंडेनवमीला आपल्या वर्कशॉपमध्ये लेथला, मिलिंगला, अगदी त्या कधीच सरळ न कापणाऱ्या पॉवर हॅकसॉलाही झेंडूची माळ पडते. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि फिटिंगचा जॉब अजून एक आठवडा पुढे ढकलला जातो. त्याच दिवशी शेवगाव तालुक्यातल्या आमच्या घरी देवघराच्या वरच्या फळीवरून एक तलवार खाली येते. तिला पुसतात, हळदकुंकू वाहतात, तिच्यासमोर विळे, कोयते, कुऱ्हाड, पाना-पकड असं सगळं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर जाते. वर्षाचे बाकीचे दिवस तिची आठवण कुणालाही नसते. हा लेख त्या तलवारीबद्दल आहे, आणि मी तिचं जे केलं त्याची थोडीफार कबुलीही आहे.

फर्स्ट इयरला वर्कशॉप प्रॅक्टिस शिकून मी घरी गेलो होतो. नवीन शिकलेल्या माणसाचे हात शिवशिवतात हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. तलवार काळी पडली होती, पात्यावर तपकिरी डाग होते, मुठीजवळ वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा थर बसला होता. मला वाटलं, ही काय अवस्था! चुलतभावाला मागं बसवलं, तलवार पोत्यात गुंडाळली आणि एका वेल्डिंगच्या दुकानात गेलो. अँगल ग्राइंडर, फ्लॅप डिस्क, शेवटी बफ. अर्ध्या तासात पातं असं चमकायला लागलं की त्यात तोंड दिसावं. एके ठिकाणी धारेजवळ निळसर जांभळा पट्टा उमटला, तेव्हाही माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. टेम्परिंगचे रंग थिअरीच्या पेपरात मी पाठ लिहिले होते. निळा म्हणजे साधारण तीनशे अंश सेल्सिअस. म्हणजे जुन्या कारागिरानं दिलेलं पाणी मी तिथं उतरवून टाकलं होतं.

घरी आल्यावर आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या, समोर ठेवली. मला शाबासकीची अपेक्षा होती. तात्यांनी चष्मा लावला, मुठीच्या पुढं चार बोटांवर अंगठा फिरवला, परत फिरवला, तलवार उलटी करून दुसऱ्या बाजूनं फिरवला.

"हितं दोन इळे व्हते रं," ते म्हणाले. "दाताचे. कुठं गेले?"

मी गप्प.

"आता ही कुणाची बी तलवार झाली," एवढंच म्हणून ते उठले आणि गोठ्याकडं गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

ही तलवार आमच्या जुन्या गावातून आली आहे. जायकवाडी धरणाचं काम १९६५ साली सुरू झालं आणि १९७६ मध्ये पूर्ण झालं. त्या पाण्याखाली शेवगाव, नेवासा, पैठण, गंगापूर या भागातली कित्येक गावं गेली, त्यांत आमचंही एक. घर मोडून निघताना काय काय न्यायचं याचा हिशेब करावा लागला. दारं-तुळया नेल्या, जातं नेलं, भांडी नेली. तात्या तेव्हा तरुण होते. त्यांनी तलवार गोधडीत गुंडाळून बैलगाडीत ठेवली. मोठा पितळी हंडा मोडीत विकला, पण तलवार विकली नाही. एवढ्या धरणातून वाचवून आणलेल्या वस्तूवरचं नाव मी अर्ध्या तासात पुसलं.

ते दोन विळे काय होते हे मला पुढं दोन वर्षांनी कळलं, तेही लायब्ररीत भलतंच पुस्तक शोधताना. दोन अर्धवर्तुळं, एकमेकांकडं पाठ किंवा तोंड करून, कडेला बारीक दात. युरोपातल्या पात्यांवरचा हा फार जुना ठसा. इटलीतल्या जेनोआशी त्याचं नाव जोडलं जातं. जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या पात्यांवर धावत्या लांडग्याचा ठसा असे, तशातलाच हा एक. सोळाव्या-सतराव्या शतकापासून अशी पाती जहाजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरत. इथले कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवत. फिरंग्यांकडून आली म्हणून अशा तलवारीला नाव पडलं फिरंग. मराठ्यांच्या फौजेत सरळ, लांब, लवचीक पात्याला मोठी मागणी होती. दांडपट्ट्यालाही पुष्कळदा हीच पाती बसवलेली सापडतात.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, म्हणजे आमची तलवार इटलीची! पण गोष्ट तिथं संपत नाही. ठशाला किंमत आहे हे बघून आपल्याकडच्या लोहारांनीही तोच ठसा मारायला सुरुवात केली. (ब्रँडची नक्कल ही काही आजची गोष्ट नाही, एफसी रोडवरच्या बुटांना उगाच नावं ठेवू नका.) मग अस्सल आणि नक्कल ओळखायची कशी? दात किती आणि किती सारखे, ठशाची खोली एकसारखी आहे का, पात्यावरची पन्हळ कुठून सुरू होते आणि कशी संपते, पात्याची जाडी मुठीपासून टोकापर्यंत कशी उतरते, हे सगळं एकत्र बघावं लागतं. पन्हळ आणि जाडी अजून थोडीफार मोजता येते, पण मी घासलेली. ठसा तर नाहीच. आमची तलवार समुद्रापलीकडून आली की पलीकडच्या आळीतून, हे आता कुणीही सांगू शकणार नाही.

मी शेवटची धडपड म्हणून आपल्या मेटलर्जीच्या सरांकडं गेलो. बंदुकीवरचा घासून काढलेला नंबर फॉरेन्सिकवाले रसायन लावून पुन्हा वर आणतात, तसं काही करता येईल का, असं विचारलं. सर हसले नाहीत, त्यांनी बसवून समजावलं. बंदुकीवर नंबर थंड धातूवर ठोकतात. त्यामुळं अक्षराच्या खालचे कण दबलेले असतात आणि वरचा थर गेला तरी रसायन तिथं वेगळं लागतं. तलवारीवर ठसा मारतात तो बहुधा तापलेल्या पात्यावर, आणि त्यानंतर पाणी देण्यासाठी पातं पुन्हा लालबुंद करतात. दबलेले कण तेवढ्या उष्णतेत पुन्हा मोकळे होतात. "तुझ्या तलवारीत खाली काही उरलं असेल असं मला वाटत नाही," ते म्हणाले. रीक्रिस्टलायझेशन या प्रश्नाचं उत्तर त्या दिवसापासून मला कधीच विसरायला झालेलं नाही.

सरांनी एक दिलाशाची गोष्ट सांगितली. पातं जर वूट्झ पोलादाचं असेल, म्हणजे ज्याला जुने लोक जौहर म्हणत तशी पाण्याच्या लाटांसारखी नक्षी त्यात असेल, तर ती वरवरची नसते. ती पोलादाच्या आतपर्यंत असते आणि जाणकाराला पुन्हा उमटवता येते. हे पोलाद मुशीत वितळवून बनवत. आपल्या गोदावरीच्याच खालच्या खोऱ्यात, तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथलं पोलाद न्यायला इराणी व्यापारी येऊन राहत. त्या नक्षीचं कोडं विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हर्होवेन या अमेरिकन धातुशास्त्रज्ञानं पेंड्रे नावाच्या एका लोहाराला सोबत घेऊन बरंचसं उलगडलं. व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अगदी नगण्य अंश आणि पातं पुन्हा पुन्हा तापवून ठोकणं यांतून कार्बाइडच्या रांगा तयार होतात. प्रोफेसरला कोडं सोडवायला लोहार लागला, हे मला फार आवडलं. आमच्या पात्यात जौहर आहे का, हे मी अजून तपासलेलं नाही. एकदा हात लावून झालाय, दुसऱ्यांदा ॲसिड घेऊन जायची हिंमत नाही.

तर माझं पहिलं मत सरळ आहे. जुनं हत्यार घासू नका. ग्राइंडर तर नाहीच, पण पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, राख, टॉयलेट क्लीनर (हो, हेही पाहिलंय) यांतलं काहीही नको. काळा किंवा गडद तपकिरी, घट्ट बसलेला थर राहू द्या. तो पात्याचं नुकसान करत नाही आणि त्याच्याखाली ठसा, अक्षरं, सोन्याच्या तारेचं काम काहीही असू शकतं. लाल भुकटीसारखा ताजा गंज असेल तर शिवणयंत्राचं तेल आणि मऊ फडकं पुरे. म्यानात कोंबून ठेवू नका, चामडं आणि मखमल ओल धरतात. आणि हळदकुंकू? आमच्या आजीनं यावर तोडगा काढला. कुंकू आता पात्याला न लावता समोर ठेवलेल्या विड्याच्या पानावर वाहतात. देवाची काही तक्रार आलेली नाही.

सोन्याच्या तारेचं उगाच म्हटलं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात नागपूरकर भोसल्यांची एक तलवार विक्रीला आली आणि महाराष्ट्र सरकारनं ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचं पातं युरोपी बनावटीचं. मग ती नागपूरकर भोसल्यांची हे कळलं कशावरून? तर पात्याच्या पाठीवर मुठीजवळ देवनागरीत सोन्यानं रघोजी भोसले, सेनासाहेब सुभा अशी अक्षरं आहेत आणि पुढं चक्क 'फिरंग' असा शब्द आहे. म्हणजे मालकाचं नाव, हुद्दा आणि हत्याराची जात, सगळं एका ओळीत! मधल्या पावणेतीनशे वर्षांत कुणा उत्साही नातवाला फ्लॅप डिस्क मिळाली नाही हे आपलं नशीब.

आता दुसरं मत. हे थोडं बोचेल. आपल्याकडं प्रत्येक जुनी तलवार 'शिवकालीन' असते. होस्टेलवर विचारून बघा. ज्याच्या घरी तलवार आहे त्याचा पूर्वज महाराजांच्या फौजेत, ज्याच्या घरी भाला आहे त्याचा पूर्वज पानिपतावर. माझंही तेच म्हणणं होतं. पण आपण जर बीमचं गणित लोड गृहीत धरून सोडवत नाही, तर घरातल्या लोखंडाचं वय पुराव्याशिवाय का सोडवतो? मोठ्या संस्थासुद्धा इथं जपून बोलतात. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला, केवढी गर्दी लोटली! ती अफजलखानाच्या वेळचीच आहेत याची खात्री करता आलेली नाही, असं ते म्युझियम स्वतः सांगतं. पेटीवर तसं लिहिलेलं असूनही.

तलवारीबाबत तर एक मोठी गोम आहे. मूठ आणि पातं यांचं वय एक असेलच असं नाही. आपल्या नेहमीच्या, वाटीसारखी तबकडी असलेल्या मुठीत पात्याचा शेपटा आखूड असतो आणि तो लाख-राळेच्या मसाल्यानं बसवलेला असतो. मूठ तापवली की पातं बाहेर. म्हणून आजोबांचं पातं, बापाची मूठ आणि नातवाचं म्यान असा संसार सर्रास आढळतो. वजनाचंही तसंच. पंधरा-वीस किलोच्या तलवारींच्या गोष्टी ऐकतो आपण, पण लढाईच्या बहुतेक तलवारी किलोच्या आसपास भरतात. एक किलोची सळई हातात घेऊन पाच मिनिटं फिरवा, म्हणजे एवढंच वजन का ते खांदा सांगेल.

आणि आमच्या शेवगावच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालत नाही. पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडल्यावर ६ मार्च १७२८ रोजी तह झाला तो मुंगी-शेवगावचा. मुंगी आमच्या तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. इतिहासाच्या पुस्तकात आमच्या वाट्याला आलेली ती दीड ओळ. पण त्यानंतरची दोनशे वीस वर्षं, १९४८ पर्यंत, नदीपलीकडचं पैठण निजामाच्या राज्यात होतं. अलीकडं पेशवाई आणि मग इंग्रज, पलीकडं निजामशाही. निजामाकडं अरब होते, रोहिले होते. नदीवरून माणसं, सोयरिकी, जनावरं गेली-आली, तशी हत्यारंही आली असणार. तेव्हा आमच्या भागातल्या एखाद्या घरात अरबी वळणाचा जंबिया निघाला तर तो लुटीतलाच असेल असं नाही, आजीच्या माहेरचाही असू शकतो. मराठ्यांकडं शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई, बारगिराला ते सरकारातून मिळे. शिलेदाराचं हत्यार घरचं, म्हणून ते घरी राहिलं. म्हणजे घरात तलवार आहे यावरून एवढंच म्हणता येतं की कुणीतरी ती बाळगत होतं. कुणाकडून, कधी, कशासाठी, हे शोधायचं काम बाकीच असतं.

भाल्याची एक गंमत सांगतो. एका नात्यातल्या घरी भिंतीवर भाल्याचं पातं टांगलेलं आहे, 'पानिपतचा भाला' म्हणून. आपल्याकडं या हत्याराची नावंच किती! घोडेस्वाराचा लांब दांड्याचा भाला, आखूड ती बर्ची, दांड्यासकट सगळी लोखंडाची ती सांग, आणि दोरी बांधून फेकायचा व परत ओढायचा तो विटा. मी विचारायला गेलो होतो की यातला हा कोणता. हे पातं अगदीच छोटं आणि नेटकं वाटत होतं. खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरलं तर बुडाशी बारीक अक्षरं दिसली. मोडी नाही, फारसी नाही, चक्क रोमन. बोदराज, औरंगाबाद. हे औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, हत्यारं बनवणाऱ्यांचं नाव आणि त्यांचा खास माल म्हणजे साहेब लोक घोड्यावरून रानडुकराची शिकार करत तिचे भाले. पानिपतानंतर शंभर वर्षांहून अधिक काळानं घडवलेला.

मी हे सांगितलं तेव्हा घरातले काका माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी भाला माझ्या हातातून घेतला, खिळ्याला परत टांगला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पानिपतचाच हाय." चहा मात्र दिला. मला अजूनही वाटतं की साहेबाचा भाला या घरात आला कसा, कोण साहेबाच्या मागं घोडा धरून पळत होतं, ही गोष्ट पानिपतापेक्षा जास्त त्यांच्या घरची आहे. पण ती सांगणारा आता कुणी उरला नाही, आणि पानिपतचं सांगणारे सगळेच आहेत.

तिसरा मुद्दा संग्रहाचा. लेख लिहितोय हे कळल्यावर रूम पार्टनर म्हणाला, मग तूच का नाही गोळा करत? संग्राहकांचे उपकार आहेतच. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून, पदरमोड करून वस्तू जमवल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी मोडीत गेल्या असत्या. आज त्यांच्या संग्रहालयात आपण तिकीट काढून हत्यारांचं दालन बघतो. पण केळकर वस्तूमागची माणसं विचारत फिरत होते. आता गावात येतात ते व्यापारी, पाच हजार हातावर ठेवतात आणि वस्तू घेऊन जातात. वस्तू एकदा घराबाहेर पडली की गाव तुटतं, नाव तुटतं, आणि ती दिवाणखान्यातली शोभा होते. रिकाम्या जागी नवी, ॲसिडनं जुनी केलेली तलवार येते, तीही 'शिवकालीन'. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, हे घरच्यांना कुणी सांगतच नाही. नांगरताना काही सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपयांत आता आपल्या कँटीनचा वडाही येत नाही, म्हणजे सगळंच कळवायचं.

आणि ते बर्थडेचे रील. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं, शेतीची आणि घरकामाची सोडून, शस्त्र कायद्याच्या नियमांत येतात. तलवारीनं केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि तरी दर महिन्याला कुणीतरी कापतोच. केक कापायला मेसमधली सुरी पुरते. तलवार होस्टेलवर आणू नका. माझ्यासारखी पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर तर मुळीच नेऊ नका.

मी आता तलवारी नाही, नोंदी जमवतो. दोनशे पानी वही आहे. सुट्टीत ज्याच्या घरी जुनं हत्यार आहे त्याच्याकडं जातो, वस्तू जागेवरच राहते. लांबी, मुठीजवळची, मध्यावरची आणि टोकाजवळची रुंदी-जाडी व्हर्नियरनं, वजन किराणा दुकानाच्या काट्यावर, तोल कुठं येतो ते बोटावर ठेवून. फोटो पट्टी शेजारी ठेवून, आणि एक तरी फोटो तिरप्या उजेडात. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं आणि तो म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. खरं-खोटं मागाहून बघू. वस्तू कुणाच्या घरात आहे हे वहीतच राहतं, नेटवर टाकत नाही, नाहीतर पुढच्या आठवड्यात व्यापारी दारात. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्यात. त्यांत तीन हत्यारं घासलेली, एक चंदेरी ऑइलपेंट मारलेलं.

आपल्या होस्टेलवर नेवाशाचे, पाथर्डीचे, जामखेडचे, बीडचे, पैठणचे मित्र आहेत. व्हर्नियर सगळ्यांनाच वाचता येतो, निदान प्रॅक्टिकलपुरता. दिवाळीत घरी जाल तेव्हा एक हत्यार मोजून आणा, वही माझ्या रूमवर आहे.

पहिली नोंद आमच्याच तलवारीची आहे. ठशाच्या रकान्यात काय लिहावं हे कळेना, म्हणून मागच्या उन्हाळ्यात जर्नलचा ग्राफ पेपर आणि पेन्सिल तात्यांपुढं ठेवली आणि आठवेल तसं काढा म्हटलं. त्यांचा हात आता थरथरतो. बराच वेळ लागला. दोन विळे काढले, पाठीला पाठ लावून, आणि मग एकेक दात काढायला लागले. एका बाजूला पाच झाले तेव्हा थांबले, डोळे मिटून अंगठा हवेत फिरवून पाहिला. पाच होते की सहा, हे त्यांना नक्की आठवेना. पेन्सिल माझ्याकडं देऊन म्हणाले, "सहावा बारीक काढून ठेव."

तो मी तुटक रेषेनं काढलाय.